पारदर्शक प्लास्टिक आणि फेम्टोसेकंद लेझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका छोट्या मायक्रोमशीनिंग (अतिसूक्ष्म कोरीवकामाच्या) युनिटमध्ये फेम्टोसेकंद लेझर चालवतो, म्हणजे अत्यंत छोट्या झटक्यांत (पल्समध्ये) प्रकाश सोडणारा लेझर. ॲक्रिलिकचे बोर्ड कापणारे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणारी मंडळी असे तिघेही फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात पुन्हा लिहायला नको, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. आमच्या दुकानातला लेझर ॲक्रिलिक लोण्यासारखं कापतो. मग हा महागडा लेझर कशाला?

ट्रॉफी, नेमप्लेट, गणपतीची मखरं, दुकानाचे बोर्ड एवढंच काम असेल तर अजिबात घेऊ नका. तुमच्याकडचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्यांना ॲक्रिलिक पारदर्शक दिसतं, पण या तरंगलांबीला ते अपारदर्शकच असतं. प्रकाश वरच्या पातळ थरात शोषला जातो, तो थर तापतो, वितळतो आणि वाफ होऊन जातो. कडेला जी चकाकी येते ती वितळून पुन्हा गोठलेल्या प्लास्टिकची. शीटसाठी हे झकास आहे. पण ५० मायक्रॉन रुंदीची नळी कोरायची असेल आणि तिची कड वितळायला नको असेल, तर तिथे सीओटू हात टेकतो.

फायबर लेझरने पाहू म्हणून काही जण प्रयत्न करतात. त्याची तरंगलांबी १.०६ मायक्रॉनच्या आसपास. ती स्वच्छ ॲक्रिलिकमधून आरपार जाते आणि खालचा टेबल जळतो. निळ्या डायोड लेझरचंही तेच.

२. तुमचा लेझरही १.०३ मायक्रॉनचाच आहे ना? तोही आरपार जायला हवा. मग प्लास्टिक उडतं कसं?

सगळ्यांत जास्त येणारा आणि सगळ्यांत नेमका प्रश्न.

ॲक्रिलिकमधला इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. १०३० नॅनोमीटरच्या (म्हणजे १.०३ मायक्रॉनच्याच) एका फोटॉनकडे, प्रकाशाच्या एका कणाकडे, असते जेमतेम १.२. एकट्या फोटॉनला दार उघडत नाही, म्हणून तो पुढे निघून जातो. पारदर्शक असणं म्हणजे एवढंच. पण चार फोटॉन एकाच क्षणी एकाच इलेक्ट्रॉनवर पडले तर ४.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट होतात आणि काम होतं. एकाहून जास्त फोटॉन एकदम शोषले जाऊ शकतात हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर दाखवलं होतं. प्रयोगात ते दिसायला १९६१ साल उजाडावं लागलं, कारण तोवर लेझरच नव्हता.

चार फोटॉन एकदम भेटण्याची शक्यता तीव्रतेच्या चौथ्या घाताने वाढते. तीव्रता दुप्पट केली की शोषण सोळापट. म्हणून सगळा खेळ तीव्रतेचा. आमच्याकडचे रोजचे आकडे घ्या: एका पल्समध्ये १० मायक्रोजूल, कालावधी ३०० फेम्टोसेकंद, ठिपका २० मायक्रॉन व्यासाचा. पल्सपुरती शक्ती होते सुमारे ३.३ कोटी वॅट आणि ठिपक्याच्या मध्यावरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २० लाख कोटी वॅटच्या घरात. भर दुपारचं ऊन त्याच मापाने ०.१ वॅट भरतं. आणि सेकंदाला अशा १०,००० पल्स सोडल्या तरी सरासरी शक्ती होते फक्त ०.१ वॅट, म्हणजे झिरोच्या बल्बहूनही कमी.

एकदा थोडे इलेक्ट्रॉन सुटले की ते स्वतःच त्याच पल्समधली ऊर्जा गिळतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. हिमकड्यासारखं हे वाढत जातं. म्हणजे पल्सची सुरुवात पारदर्शक प्लास्टिकमध्ये होते आणि शेवट जवळजवळ धातूसारख्या वागणाऱ्या थरात. प्रकाश न शोषणाऱ्या पदार्थाला प्रकाशानेच शोषायला लावायचं, असा हा प्रकार आहे.

३. फेम्टोसेकंद म्हणजे नेमका किती वेळ?

सेकंदाचा एक हजार लाख-कोटीवा भाग. एक फेम्टोसेकंद आणि एक सेकंद यांत जे प्रमाण आहे, तेच एक सेकंद आणि ३ कोटी १७ लाख वर्षं यांत आहे. ३०० फेम्टोसेकंदांत प्रकाश फक्त ०.०९ मिलिमीटर जातो, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढा.

इतक्या छोट्या पल्सला ताकद देताना लेझरच्या आतलेच भाग जळायचे. त्यावर डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात तोड काढली: पल्स आधी ताणून लांब करायची, मग तिची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी पुन्हा दाबून छोटी करायची. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आमच्या मशीनच्या पेटीत आजही हेच चालतं.

४. इलेक्ट्रॉन सुटले, इथपर्यंत कळलं. पण खड्डा कसा पडतो?

पल्स संपते तेव्हा खड्डा पडलेलाच नसतो, हे लक्षात घेतलं की पुढचं सोपं जातं. पल्स संपताना फक्त इलेक्ट्रॉन तापलेले असतात, रेणूंचा सांगाडा तसाच थंड असतो. पुढच्या काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) ही ऊर्जा सांगाड्याला मिळते, बंध तुटतात आणि लांब साखळ्यांचे तुकडे होतात. तो थर इतक्या झटपट तापतो की त्याला पसरायला सवडच मिळत नाही. आत दाब कोंडतो. मग नॅनोसेकंदांच्या (एक म्हणजे हजार पिकोसेकंद) हिशेबात वाफ, वायू आणि बारीक कण वर उसळतात आणि खाली धक्क्याची लाट जाते. सूक्ष्मदर्शकाखाली खड्ड्याभोवती जी बारीक झालर दिसते ती या उसळण्याची खूण.

एका पल्समध्ये किती खोली मिळते? ऊर्जेनुसार मायक्रॉनच्या अंशापासून एखाद-दोन मायक्रॉनपर्यंत.

५. याला 'थंड कटिंग' म्हणतात. खरंच उष्णता लागत नाही का?

अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने लोकांचे पैसे बुडतात.

खरं अर्ध असं: ३०० फेम्टोसेकंदांत ॲक्रिलिकमध्ये उष्णता अर्ध्या नॅनोमीटरपर्यंतही सरकत नाही. त्यामुळे एका पल्सपुरतं बोलायचं तर आजूबाजूला काही कळतच नाही.

दुसरं अर्ध असं: उडालेल्या थराखाली थोडी उष्णता उरतेच, आणि प्लास्टिक उष्णतेचा वाईट वाहक. २० मायक्रॉनच्या ठिपक्यातली उष्णता बाजूला पसरायला सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकाच जागी सेकंदाला ५,००० हून जास्त पल्स पडायला लागल्या की आधीची उष्णता निघायच्या आत नवी येऊन बसते. काचेवर किंवा धातूवर जे सेटिंग बिनधास्त चालतं, ते प्लास्टिकवर फसतं ते इथेच.

माझीच फजिती सांगतो. पॉलिकार्बोनेटच्या चिपवर नळ्या कोरायच्या होत्या. मी २०० किलोहर्ट्झ (सेकंदाला दोन लाख पल्स) लावले, गॅल्व्होचा (किरण फिरवणाऱ्या आरशांचा) वेग सेकंदाला १०० मिलिमीटर ठेवला आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर नळ्यांच्या कडा तपकिरी, तळाशी बुडबुडे, चिप किंचित वाकलेली. मग कागदावर हिशेब मांडला: दोन पल्समध्ये अंतर अर्धा मायक्रॉन, म्हणजे प्रत्येक जागेवर ४० पल्स, आणि त्या पडल्या ०.२ मिलिसेकंदांत. पहिलीची उष्णता निघण्याआधी चाळिसावी हजर!

उपाय शक्ती कमी करण्याचा नव्हता. वेग दहापट केला आणि त्याच रेषेवरून दहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक जागेवर पल्स तेवढ्याच ४०, पण एका फेरीत चारच, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जागेला निवायला भरपूर वेळ. एकूण वेळही साधारण तितकाच लागला. कडा स्वच्छ आल्या. फक्त एवढ्या वेगात कोपरे गोल होतात, त्यासाठी कोपऱ्याच्या पुढे थोडी मोकळी धाव द्यावी लागते.

पल्स किती छोटी आहे हे विकणारा सांगतो. दोन पल्समध्ये किती वेळ सोडायचा ते मात्र तुम्हालाच ठरवायचं असतं.

६. पहिल्या पल्सला काहीच होत नाही आणि तिसाव्या-चाळिसाव्याला एकदम खड्डा पडतो. मशीन बिघडलंय का?

नाही. खड्डा पडायला जी किमान ऊर्जा लागते तिला उंबरठा म्हणतात. उंबरठ्याखालची पल्स दिसेल असं काही करत नाही, पण आत मुकाट्याने बंध तोडत असते. तुटलेल्या साखळ्यांची टोकं आणि नवे दुहेरी बंध मूळ प्लास्टिकपेक्षा प्रकाश जास्त शोषतात. प्रत्येक पल्स पुढचीचं काम सोपं करते आणि उंबरठा खाली येत जातो. ८०० नॅनोमीटरला ॲक्रिलिकचा एका पल्सचा उंबरठा दर चौरस सेंटिमीटरला २ ते ३ जूलच्या आसपास असतो. शंभर पल्सनंतर तो एका जूलच्याही खाली येतो.

म्हणून कोणी फक्त 'ॲक्रिलिकचा उंबरठा अमुक' असं सांगितलं, तर किती पल्सचा ते आधी विचारा. गणिती सूत्रात बसवायचं झालं तर पल्सच्या संख्येचा एक घात येतो, तो प्रत्येक प्लास्टिकला वेगळा.

७. आमच्या शीटचा उंबरठा घरच्या घरी कसा काढू?

जे. एम. लिउ यांनी १९८२ मध्ये सुचवलेली पद्धत आजही सगळे वापरतात. ऊर्जा पायरीपायरीने वाढवत खड्ड्यांची एक रांग मारा. प्रत्येक ऊर्जेला किमान पाच खड्डे, एकमेकांपासून लांब, म्हणजे शेजाऱ्याची घाण त्यांच्यावर पडणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली व्यास मोजा. व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि ऊर्जेचा लॉगॅरिदम आडव्या अक्षावर मांडला की सरळ रेषा येते. रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते ती उंबरठ्याची ऊर्जा. रेषेच्या चढावरून ठिपक्याची त्रिज्या मिळते, ती वेगळी मोजावी लागत नाही.

दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, झालर धरून व्यास मोजतात. झालर ही उडून बाहेर आलेली कड, ती सोडून आतलं वर्तुळ घ्या. दोन, शीटवरची संरक्षक फिल्म काढायला विसरतात. हसू नका, दरवर्षी एकतरी प्रोजेक्ट फिल्मचाच उंबरठा घेऊन येतं.

८. कोणतं प्लास्टिक चांगलं चालतं?

ॲक्रिलिक सगळ्यांत गुणी. तापल्यावर त्याची साखळी मण्यांच्या माळेसारखी उसवते आणि मूळचा एकक रेणू वाफ होऊन निघून जातो, काजळी जवळजवळ राहत नाही. पण १०५ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, तेव्हा उष्णता साचली की ते काळं पडत नाही, फुगतं. कास्ट (साच्यात ओतलेली) शीट घ्या. एक्स्ट्रुडेड (वितळवून दाबून काढलेली) शीट चिकट वितळते.

पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांपर्यंत तग धरतं, पण त्यात बेंझीनची कडी असल्याने प्रश्न ५ मधल्यासारखं तपकिरी पडतं. पीईटीच्या फिल्म दोन्ही दिशांना ताणून बनवतात, उष्णता लागली की कड आक्रसते. सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर स्वतः फारसं चमकत नाही, म्हणून फ्लुरोसन्सवर (प्रकाश टाकल्यावर चमकणाऱ्या खुणांवर) चालणाऱ्या जैविक चिपसाठी लोकांना तेच हवं असतं. पीडीएमएस हे सिलिकॉन रबर. ते कोरलं जातं, पण कडेवर सिलिकायुक्त भुकटी बसते आणि धुऊनही लवकर निघत नाही.

वैद्यकीय मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शरीरात विरघळणारे स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या) पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या प्लास्टिकचे असतात. त्यांची कड तापली की स्फटिकता बदलते आणि ते किती काळात विरघळणार तेही बदलतं. फेम्टोसेकंदचा खर्च तिथे खरोखर वसूल होतो.

पीव्हीसी कोणत्याही लेझरखाली घालू नका. का, ते प्रश्न १२ मध्ये.

९. इन्फ्रारेड, हिरवा की अतिनील?

प्रश्न २ मधलं गणित इथे कामाला येतं. १०३० नॅनोमीटरला चार फोटॉन लागतात, ५१५ ला दोनच, ३४३ लाही दोन. फोटॉन कमी लागले की उंबरठा खाली येतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. शिवाय तरंगलांबी लहान असली की ठिपकाही लहान करता येतो. पण इन्फ्रारेडचा प्रकाश हिरवा किंवा अतिनील करताना बरीच शक्ती वाया जाते आणि अतिनीलचे आरसे-भिंगं लवकर खराब होतात. रोजच्या कामाला मी हिरवा घेतो.

अतिनीलमागे एक छान इतिहास आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आयबीएममध्ये एक्सायमर (अतिनील प्रकाशाच्या) लेझरने प्लास्टिक कोरत होते. त्या तरंगलांबीच्या एकाच फोटॉनकडे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे पल्स नॅनोसेकंदांची असूनही कड स्वच्छ येते. १९८१ च्या थँक्सगिव्हिंगनंतर उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी लेझरखाली धरलं, तिथेही कड न जळलेली. डोळ्याच्या लेझर शस्त्रक्रियेची वाट तिथून सुरू झाली. १९८७ मध्ये त्यांच्याच गटाने ॲक्रिलिकवर १६० फेम्टोसेकंदांच्या अतिनील पल्स मारून पाहिल्या.

१०. वर काही नाही आणि शीटच्या आतच पांढरे ठिपके दिसतात. असं का?

फोकस आत गेला आहे. पारदर्शक पदार्थाची ही गंमतच आहे: प्रकाश वाटेत कुणाला न शिवता जातो आणि फोकसवरच काम करतो. ऊर्जा कमी असेल तर आतला अपवर्तनांक थोडा बदलतो, जास्त असेल तर पोकळी होते. पदार्थाला बाहेर पडायला जागा नसल्याने तो आतच दाबला जातो.

भिंग १ मिलिमीटर खाली आणलं तर ॲक्रिलिकच्या आत फोकस सुमारे दीड मिलिमीटर सरकतो, कारण अपवर्तनांक १.४९ आहे. हे विसरल्याने बहुतेक गोंधळ होतात. दुसरं कारण म्हणजे पल्सची शक्ती काही मेगावॅटच्या वर गेली की प्रकाश स्वतःच स्वतःला भिंगासारखा आवळतो आणि बारीक दोरीसारखी रेघ उमटते. ढोबळ फोकस आणि जाड शीट असेल तर हे नक्की बघायला मिळतं.

याचा उलटा फायदाही घेता येतो. फोकस खालच्या पृष्ठभागावर ठेवून भोक खालून वर न्यायचं, म्हणजे उडालेलं प्लास्टिक बीमच्या वाटेत येत नाही.

११. १० मिलिमीटर जाड शीट कापून द्याल का?

नाही. एका पल्सला एक मायक्रॉन धरला तरी हिशेब करा. शिवाय खाच खोल गेली की तिच्या भिंती तिरक्या होतात, प्रकाश भिंतींवर अडतो आणि एका खोलीनंतर पल्स मारत राहिलं तरी पुढे काही सरकत नाही. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आनंदाने, त्यापुढे सीओटू किंवा करवत.

१२. धुराचं आणि डोळ्यांचं काय?

ॲक्रिलिकचा वास दाताच्या दवाखान्यासारखा येतो, तो मिथाइल मेथाक्रिलेटचा. धूर ओढून घेणारी नळी कामाच्या जागेपासून बोटभर अंतरावर हवी, खोलीतला पंखा उपयोगाचा नाही. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसं जाळतो आणि भिंगं, रेल्स गंजवतो. टेफ्लॉनच्या जातीची प्लास्टिकं तापल्यावर अत्यंत विषारी वायू देतात.

१०३० नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही, पण पडद्यापर्यंत पोहोचतो. चष्मा त्याच तरंगलांबीचा घ्या. दुसऱ्या हार्मोनिकवर (५१५ नॅनोमीटरच्या हिरव्यावर) काम करताना दोन्ही तरंगलांब्यांचा लागतो. तीव्रता प्रश्न २ मधल्या आकड्याच्या वर गेली आणि पल्सदर लाखांत असला, तर प्लाझ्मातून मऊ क्ष-किरणही निघतात. धातूवर जास्त, प्लास्टिकवर कमी. बंद पेटी असावी, हे उत्तम.

१३. काम छान झालं, स्पिरिटने पुसलं आणि जाळीसारखे तडे गेले. लेझरचा दोष?

दोष थोडा लेझरचा, बराचसा स्पिरिटचा. कड तापून थंड होताना आत ताण अडकतो. अल्कोहोल त्या ताणलेल्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि ॲक्रिलिक फाटतं. सीओटूने कापलेल्या कडेवर हे जास्त होतं, पण फेम्टोसेकंदवर उष्णता साचू दिली (प्रश्न ५) तर तिथेही होतं. सौम्य साबणाचं पाणी वापरा. स्पिरिट लावायचंच असेल तर आधी ८० अंशांना काही तास ठेवून सावकाश थंड होऊ द्या.

१४. भारतात यावर काम कुठे चालतं?

प्रखर पल्स आणि पदार्थ यांच्या मूलभूत अभ्यासासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, लेझर बांधणीसाठी इंदूरचं राजा रामण्णा केंद्र. हैदराबाद विद्यापीठात ॲक्रिलिक, पीडीएमएस आणि पॉलिस्टायरिनमध्ये फेम्टोसेकंदने सूक्ष्म रचना कोरल्या गेल्या आणि कोरलेला भाग प्रकाश टाकल्यावर चमकतो, हेही तिथे अभ्यासलं गेलं. प्रश्न ६ मधले तुटलेले बंध इथे डोळ्यांनी दिसतात म्हणा ना.

१५. याच लेझरने दोन पारदर्शक तुकडे जोडताही येतात म्हणे. मग कापेल की जोडेल हे ठरतं कशावर?

दोन पल्समधल्या वेळावर, आणि फोकस कुठे आहे त्यावर. फोकस दोन तुकड्यांच्या सांध्यावर ठेवा, पल्सची ऊर्जा कमी करा, दर मुद्दाम वाढवा. पदार्थाला बाहेर पडायला वाट नाही, उष्णता साचते, दोन्ही बाजू थोड्या वितळून एकमेकांत मिसळतात. काळा रंग नको, गोंद नको. ज्या साचण्याने माझी चिप वाया गेली, तेच साचणं इथे त्याच चिपवर झाकण बसवतं.

तुकडे आधी घट्ट दाबायला हवेत. दाबताना सांध्यात इंद्रधनुषी कडी दिसतात, ती हवेच्या पातळ फटीची. दाब वाढवत गेलं की कडी पसरतात आणि मधला भाग रंगहीन होतो. लेझर तिथे सुरू करा. कडी दिसत असताना सुरू केलात तर जोड बसणार नाही, दोन्ही तुकड्यांवर खड्डेच पडतील.